कारखान्याचं ऑफिस आणि मालकाचा रिपोर्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुपवाड, मिरज, पलूस, कराड, शिरवळ या पट्ट्यातल्या मध्यम कारखान्यांची ऑफिसं मी बरीच वर्षं आतून बघतोय. त्याआधी साखर कारखान्याच्या अकाउंट्समध्ये होतो. नवीन मशिन आलं की ते बघायला पाहुणे बोलावतात. ऑफिस बघायला मात्र माणूस बोलावला जातो तो अकाउंटंट सोडून गेल्यावर, नाहीतर बँकेच्या मॅनेजरने दोनदा फोन केल्यावर. त्या गडबडीत जे प्रश्न परत परत कानावर येतात, ते इथे आहेत. महत्त्वाप्रमाणे लावलेले नाहीत, लोक ज्या क्रमाने विचारतात तसेच ठेवलेत.

सपोर्ट विभाग म्हणजे नेमके कोणते?

जिथे माल बनत नाही आणि विकलाही जात नाही, पण ज्यांच्यावाचून गाडी गेटबाहेर पडत नाही, ते सगळे. अकाउंट्स, पर्चेस, स्टोअर्स, टाइम ऑफिस आणि एचआर, डिस्पॅचची कागदपत्रं, कॉम्प्युटर सांभाळणारा मुलगा, रिटर्न आणि परवाने बघणारा. गेटवरचा वॉचमन यात कुणी धरत नाही. मी धरतो, आणि का ते पुढे येईलच.

सुरुवात कुठून करायची? आधी सॉफ्टवेअर की आधी माणसं?

दोन्ही नको. आधी एक बिल घ्या आणि ते जिथे जिथे गेलं तिथे त्याच्या मागे फिरा.

एका मशिनशॉपमध्ये आम्ही हेच केलं. इन्सर्टचं (कटिंग टूलला लावायच्या पात्यांचं) बिल, ६० नग. माल ३ तारखेला गुरुवारी आला, वॉचमनने वहीत लिहिला. क्वालिटीवाला कस्टमरच्या ऑडिटमध्ये अडकलेला, म्हणून जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झाला ७ तारखेला. बिलात दर नगामागे २ रुपये जास्त निघाला. पर्चेसचे साहेब घरच्या लग्नाला गेलेले, ते १४ ला परतले. त्यांनी सप्लायरला फोन लावला, तर तो म्हणाला, “दरवाढीचं मेल टाकलं होतं की, साहेब.” मेल होतंच. दुरुस्त पीओ (खरेदीची ऑर्डर) निघाला १६ ला, बिल अकाउंट्सला पोचलं १७ ला. मालक चेकवर सह्या फक्त शनिवारी करायचे आणि १९ चा शनिवार त्यांचा पुण्यात गेला. सही झाली २६ ला.

एकूण २३ दिवस. त्या कागदाला प्रत्यक्ष कुणाचा हात लागला तो वेळ आम्ही बेरीज करून काढला, तर जेमतेम ४० मिनिटं. मधले ९ दिवस गेले १२० रुपयांच्या फरकासाठी. घोडं पेंड खातं ते इथे. काम करायला वेळ लागत नाही, काम पुढच्या टेबलाची वाट बघत पडून राहतं. अशा ठिकाणी तुम्ही अकाउंट्समध्ये आणखी एक क्लार्क घेतलात, तर तोही वाटच बघत बसणार, फक्त पगार घेऊन.

मग बिलं लवकर पास व्हावीत म्हणून काय बदलायचं?

वर सांगितलेल्या ठिकाणी चार गोष्टी बदलल्या. जीआरएनची सुरुवात गेटवरच केली. वॉचमनला एक टॅब दिला, गाडी आत येतानाच पीओ नंबर आणि चलन नंबर टाकायचा. पीओ नंबर नसलेलं चलन आत येईना, तेव्हा पहिल्या आठवड्यात सप्लायरांनी बराच आरडाओरडा केला. नंतर तेच पीओ मागून घ्यायला लागले.

दुसरं, फरकाची मर्यादा लिहून ठेवली. बिल आणि पीओमध्ये ५०० रुपयांच्या आतला फरक असेल तर पीओच्या दराने बिल पास करायचं आणि उरलेल्या रकमेची डेबिट नोट (सप्लायरच्या नावे तेवढी वजावट दाखवणारा कागद) काढायची, कुणाची वाट बघायची नाही. तिसरं, कॉटन वेस्ट, हातमोजे, कटिंग ऑइल, चहा-बिस्किटं असल्या नेहमीच्या खरेदीसाठी वर्षाचा दर ठरवून एकच खुली ऑर्डर. महिन्याला एक बिल, एक सही.

चौथी गोष्ट सगळ्यांत अवघड गेली, ती सह्यांची. २५,००० पर्यंतचं बिल फॅक्टरी मॅनेजरने पास करावं, एवढं साधं होतं. मालकांना ते पटायला तीन महिने लागले. शेवटी मी त्यांनी आदल्या वर्षी सही केलेल्या सगळ्या बिलांची यादी काढली आणि विचारलं, यातलं तुम्ही किती वेळा परत पाठवलंत? त्यांना दोन आठवली.

उशिरा पैसे दिले तर बिघडतं कुठं? सप्लायर ओळखीचा आहे.

ओळखीचा असला तरी त्याची उद्यम नोंदणी (लहान-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) बघा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना द्यायचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, हे २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात आधीपासून आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं, आणि ते व्याज आयकरात खर्च म्हणून धरत नाहीत. पण कारखानदार खरे जागे झाले ते आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देण्याच्या वर्षातच वजा मिळतो, असा बदल आयकरात आला. मार्चच्या ताळेबंदात अशी बिलं पडून असली की नफा कागदावर फुगतो आणि टॅक्स खिशातून जातो.

म्हणून सप्लायरच्या लेजरला सूक्ष्म, लघु, मध्यम असा शिक्का आधी मारून घ्या. १ एप्रिल २०२५ पासून या वर्गांच्या मर्यादा बदलल्यात. लघु उद्योगाची उलाढाल आता १०० कोटींपर्यंत असू शकते, म्हणजे तुम्हाला मोठा वाटणारा सप्लायरही यात बसत असेल. तुमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर ४५ दिवसांवरच्या अशा थकबाकीचा सहामाही फॉर्मही भरावा लागतो, तेव्हा ही यादी कधीतरी लागणारच आहे.

ईआरपी (सगळे विभाग एकत्र जोडणारं सॉफ्टवेअर) घेतलं की हे सगळं आपोआप होईल ना?

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एका ठिकाणी आयटम मास्टर (सगळ्या वस्तूंची यादी) उघडून पाहिलं तर एकच बेअरिंग तीन नावांनी होतं: “बेअरिंग ६२०५”, “६२०५ बेअरिंग” आणि “बेरिंग ६२०५ झेडझेड”. आम्ही हसत हसत तिन्ही एकत्र केली. दोन दिवसांनी मेंटेनन्सचे काका वर आले. तिसरं खरंच वेगळं होतं, दोन्ही बाजूंनी पत्र्याचं झाकण असलेलं. तेव्हापासून मास्टर साफ करायला बसताना ऑफिसच्या पोरांबरोबर शॉपफ्लोअरचा एक जुना माणूस बसवतो.

आधी असलेलं टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) नीट वापरा. ऑर्डर, जीआरएन, स्टॉक हे सगळं त्यात होतं, पण बहुतेकांनी ते चालूच केलेलं नसतं. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून बदलांची नोंद ठेवणारं, म्हणजे एडिट लॉग बंद करता न येणारं सॉफ्टवेअर वापरावंच लागतं. काही अकाउंटंटना त्याचा राग आहे. मला तो लॉग फार आवडतो. कुठल्या विभागाच्या नोंदी सारख्या दुरुस्त होतात ते त्यात स्वच्छ दिसतं, म्हणजे चूक जन्मते कुठं तेही कळतं. आयतं सर्वेक्षण आहे ते.

माणसं कमी करावी लागतील का?

हा प्रश्न मालक दार लावून विचारतात आणि कर्मचारी चहाच्या टपरीवर. मी आधीच सांगून टाकतो: ज्या दिवशी ऑफिसला वाटेल की हा माणूस कपातीसाठी आलाय, त्या दिवसापासून एकही आकडा खरा मिळणार नाही. वेळ वाचला तर तो वसुलीला लावा. येणी मागायला फोन करणारा नीट माणूस आमच्या भागातल्या दहा कारखान्यांत शोधून सापडत नाही.

महिना संपून २२ दिवस झाले तरी नफा-तोटा हातात येत नाही. अकाउंटंट म्हणतो रिटर्नमुळे वेळ नाही.

तो खोटं बोलत नाही. ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न), १४ ला २बी (खरेदीवरच्या जीएसटीचं पत्रक) येतं ते जुळवणं, १५ ला पीएफ आणि ईएसआयसी, २० ला ३बी (जीएसटी भरायचं रिटर्न). मासिक रिटर्न भरणाऱ्याचा निम्मा महिना सरकारच्या तारखांत जातो. पण मालकाचा नफा-तोटा त्या तारखांच्या मागे लावलाच पाहिजे असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? तो ५ तारखेला निघू शकतो. फक्त काही आकडे अंदाजाने धरायची तयारी लागते.

सगळ्यात मोठा अंदाज विजेचा. इंडक्शन फर्नेस (विजेची भट्टी) असलेल्या फाउंड्रीत (ओतकाम कारखान्यात) महावितरणचं बिल यायची वाट बघितली की महिना गेलाच. त्यापेक्षा शेवटच्या तारखेला रात्री आपल्या इलेक्ट्रिशियनने मीटरचं रीडिंग घ्यावं. एचटी (उच्च दाबाच्या) जोडणीला २०२० पासून केव्हीएएचवर (एकूण उचललेल्या विजेवर) बिल येतं, तेव्हा तेच रीडिंग घ्या, केडब्ल्यूएचचं नको. त्याला गेल्या महिन्याच्या बिलातला सरासरी दर लावला की अंदाज बिलाच्या जवळच येतो. कंत्राटी मजुरांचं बिल हजेरीवरून, वाहतुकीचं गेटच्या नोंदीवरून धरा. फरक पडला तर पुढच्या महिन्यात टाका. मालकाला ५ तारखेला मिळालेला ९५ टक्के बरोबर आकडा २५ तारखेच्या शंभर टक्के बरोबर आकड्यापेक्षा जास्त उपयोगी असतो. हे वाक्य मी ऑडिटर समोर असताना बोलत नाही.

स्टॉक मोजणी महिनाअखेरीला एका रात्रीत करू नका. महागडे आयटम दर आठवड्याला थोडे थोडे मोजा. आणि ३१ तारखेला रात्री ट्रक भरला पण बिल १ ला फाडलं, तर तो माल कुठल्या महिन्याचा, हे एकदाच ठरवून भिंतीवर लावा.

मालकाच्या रिपोर्टमध्ये काय असावं?

हा माझा आवडता प्रश्न, आणि त्याचं उत्तर मी कुठल्या कोर्समध्ये शिकलेलो नाही. ते उसाच्या हंगामात शिकलो.

साखर कारखान्यात हंगाम सुरू झाला की रोज सकाळी एक कागद निघतो. किती टन गाळप, उतारा (उसातून निघालेल्या साखरेची टक्केवारी) किती, साखरेची किती पोती. शेजारी रकाने: आज, आजअखेर, मागच्या हंगामात याच तारखेअखेर. खाली मिल किती तास बंद होती आणि का: ऊस नाही, यांत्रिक बिघाड, पाऊस, साफसफाई. बस्स. चेअरमन तोच कागद बघतात, चीफ केमिस्ट तोच, शेतकी अधिकारीही तोच. उसाचा एफआरपी (सरकारने ठरवलेला किमान दर) उताऱ्याशी बांधलेला असल्यामुळे दशांशाच्या फरकावरही सकाळी चर्चा होते. आणि बंद तासांसमोर “ऊस नाही” लिहिलेलं असलं की शेतकी विभागाला वेगळी मीटिंग लावावी लागत नाही, टोळ्या आणि वाहनांची फोनाफोनी आपोआप सुरू होते.

त्या कागदात एकही रंगीत आलेख नव्हता. पण तीन गोष्टी होत्या, ज्या मला आजच्या वीस-वीस पानी एमआयएसमध्ये (मालकाला जाणाऱ्या रिपोर्टांत) दिसत नाहीत. आकडे थोडे आणि रोज तेच. प्रत्येक आकड्याशेजारी तुलना. आणि बिघडलं तर कारणाचा रकाना, ज्यात विभागाचं नाव सरळ येतं.

फाउंड्री किंवा मशिनशॉपसाठी मी सोमवारचा एकपानी कागद असा बसवतो: हातातल्या ऑर्डर, डिस्पॅच टनांत आणि रुपयांत, वितळवलेलं लोखंड आणि त्यातून निघालेलं चांगलं कास्टिंग (ओतीव भाग), रिजेक्शन, चांगल्या कास्टिंगच्या टनामागे युनिटं, बँकेच्या सीसीत (कॅश क्रेडिट खात्यात) उरलेली जागा, ९० दिवसांवरची येणी नावासकट, आणि पुढच्या सात दिवसांत द्यायचे पैसे. नफा महिन्याला. बाकीचं ज्याला हवं त्याने मागून घ्यावं.

पण आमच्याकडे आधीच चौदा रिपोर्ट निघतात. बंद कुठले करू?

कुणाला न सांगता दोन आठवडे पाठवू नका. ज्याच्यासाठी फोन येईल तो चालू ठेवा. एका ठिकाणी चौदापैकी चारांसाठी फोन आला. त्यातला एक फोन तर नुसती मेल बंद पडली का हे विचारायला होता.

प्रत्येक विभागाचा आकडा वेगळा येतो. खरा कुणाचा?

सगळ्यांचा. विक्री किती झाली असं विचारलं की मार्केटिंग जीएसटीसकट सांगतं, अकाउंट्स जीएसटी वगळून, प्रॉडक्शन जेवढा माल गाडीत भरला तेवढा. जॉबवर्क असेल तर आणखी गोंधळ, कारण मटेरियल कस्टमरचं. टनेज डोंगराएवढं आणि उलाढाल मूठभर. रिजेक्शनचंही तसंच. आपल्या फेटलिंगमध्ये (कास्टिंग घासून साफ करताना) सापडलेलं त्याच दिवशी कळतं, कस्टमरच्या मशिनवर सापडलेलं दोन महिन्यांनी डेबिट नोटमधून. दोन्ही एका टक्केवारीत घातली की तो आकडा कुणाच्याच कामाचा राहत नाही.

अर्ध्या पानावर व्याख्या लिहा. विक्री म्हणजे काय, चांगला माल म्हणजे काय, थकबाकी बिलाच्या तारखेपासून की मुदत संपल्यापासून. मीटिंग घेऊन ठरवा, भांडण होऊ द्या. ते भांडण एकदाच होतं, नाहीतर दर सोमवारी होत राहतं.

बँकेला जाणारं स्टॉक स्टेटमेंट आणि आमचा एमआयएस वेगळा असतो. चालतं का?

पूर्वी चालायचं, असं सगळे म्हणतात. सीसीची उचल स्टॉक आणि येण्यांवर ठरते. देणी आणि मार्जिन वजा जातं, आणि साधारण ९० दिवसांवरची येणी बँक धरत नाही. म्हणून ते स्टेटमेंट “सजवायची” खोड जुनी. पण २०२१-२२ पासून कंपनीच्या ताळेबंदातच सांगावं लागतं, की बँकेला दिलेली तिमाही स्टेटमेंट हिशेबाच्या वह्यांशी जुळतात की नाही, आणि जुळत नसतील तर का. सोमवारच्या कागदातूनच बँकेचा आकडा काढा. दोन वेगळ्या फाइली सांभाळणाऱ्या अकाउंटंटची कधी ना कधी गफलत होतेच, आणि बहुधा नको ती फाइल जाते.

कुपवाडला एक युनिट, शिरवळला दुसरं. ऑफिस एकच करावं का?

पेमेंट, जीएसटी, पगार, कॉम्प्युटर हे एका जागी आणा. गेट, स्टोअर्स, टाइम ऑफिस जिथल्या तिथे ठेवा. जिथे माल किंवा माणूस डोळ्यांनी बघायला लागतो, ते काम लांबून होत नाही. एकत्र ऑफिसचा खर्च दोन्ही युनिटांवर उलाढालीने वाटू नका, बिलांच्या संख्येने वाटा. ज्या युनिटमधून अपुरे कागद येतात त्याची बिलं दोनदा मोजा, एका तिमाहीत कागद पुरे यायला लागतात.

पगाराला दर महिन्याला गोंधळ होतो.

हजेरी १ ते ३१ अशी धरली की ओव्हरटाइमची जुळणी आणि ७ तारखेची पगाराची मुदत एकमेकींत अडकतात. हजेरी २६ ते २५ धरा. आणि ओव्हरटाइमची सही त्याच दिवशी सुपरवायझरकडून घ्या. महिन्याच्या शेवटी कुणी किती वेळ थांबलं हे कुणालाच आठवत नाही, कामगार सोडून.

रिपोर्ट व्हॉट्सॲपवर चालेल का?

चालेल. ठरलेली वेळ, ठरलेला माणूस, आणि टाइप केलेले आकडे. रजिस्टरचा तिरका फोटो नको. “फायनल”, “फायनल २” आणि “हे बघा साहेब, आधीचं डिलीट करा” अशा तीन फाइली ज्या ग्रुपवर येतात, तिथे शेवटी सगळे फोनच करतात.

रिपोर्ट मराठीत की इंग्रजीत?

ज्याने आकडा सुधारायचा त्याला वाचता येईल अशा भाषेत. फर्नेसजवळच्या फळ्यावर मराठीतच. बँकेची भाषा बँकेला ठेवा.

आमचं ऑफिस नदीच्या बाजूला आहे. याचा या विषयाशी काही संबंध?

सांगलीत आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर मी ओल्या फाइली उन्हात वाळत घातलेल्या पाहिल्यात, दोरीला कपडे लावतात तशा. एका युनिटचा सर्व्हर तळमजल्यावर आणि बॅकअपची डिस्क त्याच्याच शेजारच्या कपाटात होती. दोन्ही एकाच रात्री पाण्यात गेली. विम्याचा क्लेम करायला स्टॉकची यादी लागते, आणि यादी त्या सर्व्हरमध्येच होती. कामगारांच्या व्हॉट्सॲपवरच्या जुन्या चलनांच्या फोटोंवरून आम्ही ती दोन महिने जुळवत बसलो.

तेव्हा सर्व्हर वरच्या मजल्यावर न्या, रोजचा बॅकअप इंटरनेटवर आणि आठवड्याचा एक डिस्कवर ठेवा, आणि ती डिस्क नदीपासून लांब राहणाऱ्या कुणाच्या तरी घरी असू द्या. जून उजाडायच्या आत एकदा तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. कुपवाडच्या एका अकाउंटंट ताई दरवर्षी मे महिन्यातल्या एका शनिवारी हे करतात. मागच्या वेळी फाइल उघडली नाही, पासवर्ड बदललेला निघाला.